दरीला दिलेली ओ

१

पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं, हे ओमानमधल्या आम्हा मराठी घरांचं ठरलेलं असतं. एका शनिवारी मोठी मशीद आणि मत्राहचा बाजार. मग समुद्र. पाहुणे जरा रुळले की डोंगर.

माझ्या सासूबाई, कलावती, गुहागरजवळच्या. जन्मात पहिल्यांदा विमानात बसून आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "समुद्र मला नको दाखवूस गो मैथिली. समुद्र बघतच म्हातारी झाल्ये. दुसरं काय आहे तुमच्या ह्या मुलखात?"

म्हणून डोंगर आधी. नवरा, जयप्रकाश, रुसैलच्या कारखान्यात मेन्टेनन्स बघतो. त्याची त्या शुक्रवारी शिफ्ट होती. गाडी मी काढली. आम्ही तिघी: मी, आई, म्हणजे सासूबाई, आणि माझी लेक अश्लेषा. ती नववीत आहे.

वाटेत मी सांगितलं, "आई, इथे तालुक्याला विलायत म्हणतात."

"म्हणजे मी विलायतेला जाऊन आले म्हणायची!" आई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "वाडीत सांगते सगळ्यांना."

सकाळी बकऱ्यांचा बाजार बघितला. मग किल्ला. तिथली खजुराची कोठी आईंना फार आवडली. पोती एकावर एक रचायची, वजनानेच खालच्या पोत्यांतून रस निघतो आणि पन्हळीतून घागरीत येतो. नंतर खजुराच्या बागेतून वाहणाऱ्या फलजमध्ये, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटात, पाय सोडून बसल्या. "हा तर आपल्या आगरातला पाट," म्हणाल्या. एका दुकानदाराने हलवा आणि कहवा दिला, पैसे घेतले नाहीत. चांगला दिवस होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यामुळे तो दिवस वाईट ठरवायला मी तयार नाही.

दुपारनंतर आम्ही दरीकडे गेलो. दरीच्या काठाने एक अरुंद पायवाट जाते, कठडा नाही. समोरच्या कड्याच्या पोटात जुनं, सोडून दिलेलं गाव आहे. मातीची घरं, दारांना फळ्या नाहीत, नुसत्या काळ्या चौकटी. गावाचं नाव मी सांगणार नाही. बघण्यासारखी जागा आहे, एवढं मात्र खरं.

अश्लेषा पुढे पुढे चालली होती. मी ओरडले, "अश्लेषा, पुढे जाऊ नको!"

समोरून प्रतिध्वनी आला, "अश्लेषा."

आता, आवाज हा माझा धंदा आहे. मी अझैबाच्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे कान तपासते. आपण लांब वाक्य ओरडलं की प्रतिध्वनीत शेवटचे शब्द स्वच्छ ऐकू येतात, कारण सुरुवातीचे आपल्याच आवाजाखाली बुडतात. दरीने "जाऊ नको" परत द्यायला हवं होतं. तिने फक्त नाव दिलं.

अश्लेषा घरात हाकेला "व्हॉट?" म्हणायची. आजीने आल्यापासून मागे लागून शिकवलं होतं की मोठ्यांनी हाक मारली की ओ द्यावी. ती हसत दरीकडे वळली, तोंडाशी हात धरला आणि ठसक्यात म्हणाली, "ओऽऽ!"

"अगो, दरीला कसली ओ देत्येस?" आई मागून म्हणाल्या.

त्या ओचा प्रतिध्वनी आला नाही. मी वाट बघत उभी राहिले. आलाच नाही.

२

सोमवारी सकाळी मी डब्यात पोळी भरत होते. "अश्लेषा, बस येईल!" मी नेहमीसारखी ओरडले.

आणि घरात, अल खौदच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एक श्वास घ्यावा इतक्या वेळाने, कुठून तरी आवाज आला, "अश्लेषा."

माझाच आवाज. मला माझा आवाज ओळखता येतो. रेकॉर्डिंग ऐकून ऐकून त्याचा संकोचही गेला आहे.

घरात प्रतिध्वनी येत नाही. आमच्यासारखे तीन हॉल ओळीने लावले आणि पलीकडे भिंत उभी केली तर कदाचित येईल. आमच्याकडे तर सोफा आहे, जाड पडदे आहेत, आईंनी वाळत टाकलेली लुगडी आहेत. कापड आवाज पितं.

"डक्टमधून येत असेल," जयप्रकाश म्हणाला. "एसीच्या शाफ्टमध्ये आवाज फिरतो. वरच्या मजल्यावरचं भांडण आपल्याला ऐकू येतं की नाही?"

हे पटण्यासारखं होतं. मी स्टुलावर चढून डक्टच्या जाळीला तोंड लावलं आणि "जयप्रकाश" म्हटलं. काही नाही. "आई" म्हटलं. काही नाही. वेड्यासारखी "बटाटा" म्हणाले. काही नाही.

मग "अश्लेषा" म्हटलं.

आवाज डक्टमधून आला नाही. माझ्या पाठीमागून, हॉलच्या बाल्कनीकडच्या बाजूने आला. आणि टेबलाशी बसलेल्या अश्लेषाने तेव्हा मान वर केली. मी हाक मारली तेव्हा नाही. नंतरच्या हाकेला.

"येस मम्मा?" ती बाल्कनीकडे बघून म्हणाली.

३

मी शहाणी बाई आहे असं मला वाटतं. मी स्वतःचे कान तपासून घेतले. रक्तदाब बघितला. झोप पुरेशी घेतली. एकदा फोनवर रेकॉर्डही करून बघितलं. त्यात माझी हाक होती, दुसरी नव्हती. म्हणजे भास. पण मग दोघींना एकच भास कसा?

आईंनाही ऐकू येत होतं. त्या मुद्दाम काही बोलत नव्हत्या. फक्त मी अश्लेषाला हाक मारली की हातातलं काम थांबवायच्या आणि ती दुसरी हाक होऊन गेली की परत सुरू करायच्या. चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी बाईमाणूस थांबतं, तशा.

आठवडाभराने माझ्या लक्षात एक गोष्ट आली.

हाक आणि प्रतिध्वनी यांच्यातलं अंतर कमी होत होतं.

पहिल्यांदा मध्ये पूर्ण श्वास मावत होता. आता अर्धा. शाळेतल्या विज्ञानात सगळ्यांनी शिकलेलं असतं की ते अंतर म्हणजे भिंत किती लांब आहे त्याचा हिशेब. आवाज भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. अंतर कमी झालं, याचा अर्थ एकच.

ज्याच्यावर माझा आवाज आपटत होता, ते जवळ येत होतं.

त्याच सुमारास अश्लेषा म्हणायला लागली, "मम्मा, जरा लाऊड बोल ना. तू हल्ली खूप सॉफ्ट बोलतेस."

मी मोठ्याने बोलायला लागले. मग आणखी मोठ्याने. शेजारची फरिदा, रत्नागिरीची आहे, एकदा दार वाजवून विचारून गेली, "मैथिलीभाभी, सब ठीक है ना? पोरीवर एवढं ओरडता कशाला?"

४

मी तिला क्लिनिकमध्ये नेलं.

आमच्याकडे कान तपासायचा बूथ आहे. कपाटाएवढी खोली, जाड भिंती, भिंतींना स्पंज, दाराला रबर. आत बसलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. बाहेर मी काचेपलीकडे बसते, समोर यंत्र आणि माईक. आतल्या माणसाने हेडफोन लावायचा आणि आवाज ऐकू आला की हात वर करायचा. त्या खोलीत प्रतिध्वनी येऊ शकत नाही. ती त्यासाठीच बांधलेली असते.

सूर तपासले. जाड, बारीक, अगदी पुसट. अश्लेषाने एकही चुकवला नाही. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले होते.

मग माझ्या सहकारिणीने, अदीबाने, माईकवरून शब्द वाचले. खिडकी, पाणी, टेबल. अश्लेषाने सगळे बरोबर परत म्हटले.

"आता मी वाचते," मी म्हटलं.

ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून मी म्हटलं, "खिडकी."

काचेपलीकडे अश्लेषा वाट बघत बसली होती. तिचा चेहरा शांत होता. ती माझ्याकडे बघत होती, मी अजून सुरुवात केली नाही असं समजून.

मी आवाज वाढवला. यंत्राचा काटा हलत होता. आवाज जात होता. "पाणी," मी म्हटलं. "अश्लेषा, पाणी म्हण."

ती बसून राहिली. मी बोलायची थांबले.  आणि मग, मी तोंड मिटून बसले असताना, तिने हसून हात वर केला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "फायनली! इतका वेळ काहीच नव्हतं. मग तू माझं नाव घेतलंस. ते एकदम क्लिअर होतं, मम्मा. जसं तू आतच बसलीयेस."

अदीबा माझ्याकडे बघत होती. तिने काचेपलीकडे काही बघितलं होतं का, हे मी तिला विचारलं नाही. तिने संध्याकाळच्या सगळ्या अपॉइंटमेंट्स दुसऱ्या बूथमध्ये घेतल्या.

५

त्या दिवशी जेवताना भांडण झालं.

"सुट्टी टाक आणि तिला घेऊन पुण्याला जा," जयप्रकाश म्हणाला. "चांगल्या डॉक्टरला दाखव. आणि तोपर्यंत तिला नावाने हाक मारूच नकोस. बेटा म्हण, सोनू म्हण. नावाचाच त्रास आहे ना? मग नाव घेऊ नकोस."

तो घाबरला होता. घाबरलेला माणूस सोपा उपाय शोधतो, त्यात त्याची चूक नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"हट्टीपणा करू नकोस."

"हट्टीपणाच आहे. तिच्या आत्याने कानात सांगितलेलं नाव आहे ते. पाळण्यापासून ह्या नावाने मी तिला झोपेतून उठवलंय, रस्ता ओलांडताना थांबवलंय, तापात बसून तेच नाव म्हटलंय. मी ते सोडलं तर मग ते नाव घेणारं घरात एकच उरेल, जयप्रकाश. कोण, ते तुलाही माहीत आहे."

 अश्लेषा आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला जयप्रकाशचं ऐकू येत होतं. माझे नुसते ओठ हलताना दिसत होते. मग ती माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "मम्मा, तू रागावलीयेस का माझ्यावर? तू मोठ्याने बोलत का नाहीस?"

आईंनी ताट बाजूला सारलं.

"शुक्रवारी गाडी काढ," त्या मला म्हणाल्या. "आपलं आहे ते मागायला जायचं तर लाजायचं कशाला?"

६

आम्ही सकाळीच दरीपाशी पोचलो. ऊन स्वच्छ होतं. पायवाटेच्या सुरुवातीला एक म्हातारा ओमानी माणूस डाळिंबं घेऊन बसला होता. त्याची नातवंडं दगडांवर उड्या मारत होती. त्याला मुलांना बोलवायचं होतं. त्याने हाक मारली नाही. एक दगड उचलला आणि जवळच्या पत्र्याच्या डब्यावर ठोकला. मुलं धावत आली.

मी माझ्या मोडक्या अरबीत त्याला विचारलं, की तोंडाने का बोलवत नाही? त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग अश्लेषाकडे बराच वेळ.  एक डाळिंब फोडून अर्धं तिच्या हातात ठेवलं.

वाट अरुंद म्हणून आई काठी टेकून तिथेच दगडावर बसल्या. "मी इथून बघते. जा."

मागच्या वेळी ओ दिली होती त्या वळणावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी अश्लेषाचा हात घट्ट धरला होता. समोर ते गाव, दारांच्या काळ्या चौकटी ओळीने. येताना मनाशी ठरवलं होतं की इतकं ओरडायचं, इतकं ओरडायचं की कड्याचे दगड सुटले पाहिजेत. पण तिथे उभं राहिल्यावर एक साधी गोष्ट सुचली. प्रतिध्वनी आपण होऊन सुरुवात करत नाही. तो दुसऱ्याच्या आवाजावर जगतो. मी बोललेच नाही तर?

मी बोलले नाही.

खाली कुठेतरी बकरीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती थांबली. वारा पडला. मी समोर बघत राहिले. एका दाराचा अंधार बाकीच्या दारांसारखा आत नव्हता. तो उंबऱ्यापर्यंत पुढे आला होता.

माझी सवय आहे. हाक मारताना मी डावा हात कानामागे धरते, उत्तर ऐकायला. त्या दारात एक कोपर दिसलं. कानामागे हात धरल्यावर दिसतं तसं. उंची माझी. मान माझ्यासारखीच एका बाजूला कललेली. आणि चेहरा असायला हवा तिथे नुसतं उघडं होतं. वाट बघत.

मला श्वास ऐकू आला. दरीच्या पलीकडून, माझा श्वास, मी घेण्याच्या किंचित आधी.

किती वेळ गेला माहीत नाही. त्याला दम निघेना. आणि मी तोंड घट्ट मिटलेलं असताना, माझ्या आवाजात, मी कधीच मारली नसेल इतक्या मायेने, समोरून हाक आली:

"अश्लेषा."

अश्लेषाने माझा हात झटकला. डाळिंब दरीत गेलं. ती काठाकडे वळली, चेहरा उजळलेला, परदेशातून आई परत आल्यावर मुलाचा उजळावा तसा. तिने ओ द्यायला तोंड उघडलं.

मी तिला मागून कमरेला मिठी मारली आणि पोटातून ओरडले, "ओऽऽ!"

"ओ! बोल! मी आहे इथे! तिला नाही, मला सांग काय पाहिजे ते! तिच्या नावाला ओ मी देणार! तू घे ना नाव, हजारदा घे, हजारदा मीच येईन!"

आणि मागून, पायवाटेच्या तोंडाशी, आणखी एक आवाज आला. आई दगडावर उभ्या राहिल्या होत्या, काठी वर धरून. गुहागरच्या आगरात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला हाक घालणारा तो गळा होता.

"ओऽऽ! मीही आहे हो! कोण ते मेलं माझ्या नातीला बोलवतंय? पुढे हो, तोंड बघू दे!"

आमच्या आवाजांचा प्रतिध्वनी आला नाही. दरीने ते गिळले. समोर ते कोपर हळूच खाली आलं. उघडं होतं ते एकदा माझ्याकडे वळलं, एकदा आईंकडे, जणू कुणाला धरावं ते कळेना. मग उन्हाची तिरीप दारात शिरली आणि मातीची मागची भिंत दिसली. रिकामी खोली.

मी अजून ओरडत होते. काय ते आठवत नाही. अश्लेषाने माझ्या हातांवर चापटी मारली.

"मम्मा! मम्मा, हळू! कान फुटेल माझा!"

मी तिथेच वाटेवर बसले. तिला माझ्या मांडीवर ओढलं आणि तिच्या केसांत तोंड घालून कुजबुजले, "अश्लेषा." अगदी पुसट. यंत्रावर काटा हलला नसता इतकं.

"व्हॉट?" ती म्हणाली. मग स्वतःच ओशाळून, "सॉरी. ओ."

७

आई त्यानंतर दोन आठवड्यांनी गुहागरला परतल्या. अश्लेषाला आता माझं सगळं ऐकू येतं, नको ते जास्तच. घरात तिचं नाव घेतलं तर दुसरी हाक येत नाही.

पण ते गेलं नाही. कामावर, बूथचं दार बंद करून मी यंत्र तपासत असते, तेव्हा कधी कधी हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणतं, "मम्मा." अश्लेषाच्या आवाजात, आणि ती शाळेत असताना. गाडी चालवताना मागच्या सीटवरून येतं. पहिल्या वेळी मी गाडी कडेला घेऊन रडले. दुसऱ्या वेळी मागे वळून बघितलं. आता आधी खऱ्या अश्लेषाला फोन लावते, ती ठीक आहे ना ते बघते, आणि मग जे काय बोलायचं ते त्याला बोलते. मी सौम्य बोलत नाही.

परवा दुपारी आईंचा फोन आला. नारळ उतरवल्याचं, पायाच्या सुजेचं बोलून झालं. मग सहज म्हणाल्या, "काल परसदारी मला कुणीतरी आई म्हणून हाक मारलीन. तुझ्या आवाजात."

 "मग? तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? म्हटलं, आलीस एवढ्या लांब, तर उन्हात उभी कशाला राहिलीस, ये, नारळ सोलायचेत. गप्प झालं मेलं." मग त्यांनी विचारलं, "पोरीला नाही ना येत हाक?"

"नाही. एकदाही नाही."

"मग बास. ओ आपण दिल्ये, आपण निस्तरू."

तेवढ्यात आतल्या खोलीतून, बंद दाराआडून, "मम्मा" अशी हाक आली. गोड, लाडिक. अश्लेषाची बस यायला अजून अवकाश होता. हाक फोनमधून आईंनाही ऐकू गेली असावी.

"काय गो, आली?"

"आली."

"मग बघतेस काय? दे ओ."

मी उठले, दार सताड उघडलं, आणि दिली.